चिंचोक्यांचा येसर

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा बदलून आलेल्या एका शिक्षिका बाईंनी माझ्या मायचा येसर भरल्या सभेत स्वतःच्या आजेसासूचा म्हणून सांगितला. फसवलं त्यांनी, फसले मी. माझी माय त्या वेळी त्याच सभेत मागच्या सतरंजीवर बसलेली होती आणि सगळं ऐकत होती.

याला आता इतकी वर्षं झाली की ज्या शाळेच्या पत्र्याखाली ती सभा भरली होती तिथं दोन मजले चढले. घरचे म्हणतात, सोड की आता, मसाल्याची तर गोष्ट, कुणी तुझं शेत लिहून घेतलं का? मी आयुष्यभर मिरचीच्या बाजारात उभी राहिलेली बाई आहे. आडत्यानं पोत्याच्या तोंडाशी लाल मिरची आणि तळाला पांढरी पडलेली भरली, तर ते पोतं मी त्याच्याच गादीवर ओतलेलं आहे. सोडून देणं मला जमत नाही. आणि शेत आम्हाला नव्हतंच. आमच्या घरात नाव घेण्यासारखी एकच गोष्ट होती, मायच्या हातची चव. तीच गेली.

येसर मराठवाड्याबाहेर फार कुणाला माहीत नसतो म्हणून सांगते. धने, तीळ, खोबरं, दगडफूल, वाळलेली मिरची असं सगळं वेगवेगळं भाजायचं, त्यात भाजलेली ज्वारी किंवा हरभऱ्याची डाळ मिसळायची आणि दळून आणायचं. हे पीठ डब्यात भरून ठेवलं की वर्षभर काळजी नाही. करडईच्या तेलात लसणाची फोडणी द्यायची, पाणी उकळायचं, त्यात मूठभर येसर सोडायचा. डाळ शिजवायची गरज नाही, भाजी लागत नाही. दळलेल्या धान्यानं आमटी दाट होते, मसाल्यानं तिला चव येते. भाकरी चुरायची आणि खायची. ज्यांच्या घरी रोज भाजी असते त्यांना हे पाहुण्यांचं जेवण वाटतं. आमचं ते रोजचं होतं.

माझं माहेर हदगावच्या अंगाला. आम्ही बौद्ध. बाप दुसऱ्याच्या कापसात राबायचा, माय वेचणीला जायची. बहात्तरच्या दुष्काळात कापूस उगवलाच नाही, तर वेचणार काय? गावातली सगळी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. मी तेव्हा परकरातून नुकतीच साडीत आले होते. रेशनवर तांबडी मिलो मिळायची, परदेशातून आलेली. तिची भाकरी थापताना तुटायची आणि तोंडात भुश्शासारखी फिरत राहायची. कामावर सुकडी वाटत, गोडसर पिठासारखी. पहिले काही दिवस पोरं तिच्यावर तुटून पडली, मग पोरांनीही तोंड फिरवलं.

दुष्काळात माणूस काय मिळेल ते खातो, तेव्हा चवीचा विचार कोण करतो, असं लिहिलेलं मी वाचलं आहे. ज्यांनी लिहिलं ते त्या रस्त्यावर नव्हते. मी होते. माणसं भुकेली असून भाकरी हातात धरून बसलेली मी पाहिली आहेत. घास उतरत नव्हता. आमच्या शेजारची एक म्हातारी मिलोची भाकरी पाण्यात बुडवून गिळायची आणि प्रत्येक घासाला डोळे मिटायची, औषध घेतल्यासारखी. तिच्या पोटात अन्न जात होतं, तरी दिवसेंदिवस ती जेवणालाच घाबरायला लागली. रोजचं खाणं नकोसं झालं की माणसाचा दिवसच नकोसा होतो. हे मला तेव्हा कळलं आणि पुढं माझा सगळा धंदा त्यावर उभा राहिला.

मायचा येसराचा डबा त्या वर्षी रिकामा झाला. धने थोडे होते, मिरची होती, दगडफूल होतं. दाटपणाला घालायला ज्वारी नव्हती, डाळ तर बघायला नव्हती. हदगावच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी निजामाच्या काळातल्या जुन्या चिंचा होत्या. पाऊस नसला तरी त्या धरल्या होत्या. लोकांनी चिंच नेली आणि चिंचोके तिथंच टाकले. माय ते पदरात गोळा करून घरी घेऊन आली.

बापानं विचारलं, "हे काय करून राहिलीस?"

"येसर."

"चिंचोक्याचा? अगं, घोंगडीवाले ह्याची खळ लावतात घोंगडीला. आम्हाला काय घोंगडीसारखं ताठ करतीस का?"

"ताठ झालास तर बरंच हाय. वाकून वाकूनच जन्म गेला तुझा."

घोंगडीवाल्यांच्या खळीवरूनच तिला सुचलं होतं. जे सूत ताठ करतं ते आमटी दाट करील, एवढा तिचा हिशेब. खापरात वाळू तापवून तिनं चिंचोके भाजले. टरफल तडकलं, पण सुटेना. उखळात घातले तर टरफल आणि गर सगळं एक झालं, फेकून द्यावं लागलं. दुसऱ्या वेळी तिनं भाजलेले चिंचोके रांजणातल्या पाण्यात रात्रभर भिजत घातले. सकाळी बोटानं दाबलं की टरफल सुटत होतं आणि आतून पांढरा गर निघत होता. तो उन्हात खडखडीत वाळवला, पुन्हा लालसर भाजला आणि जात्यावर धन्या-मिरचीबरोबर दळला. त्याला फुटाण्यासारखा वास आला, आणि फुटाण्यात नसतो असा एक तुरट धागाही. त्याची आमटी केली तेव्हा ती भाकरीला धरून राहिली. बापानं भगुनं पुसून खाल्लं आणि घोंगडीचं नाव पुन्हा काढलं नाही.

माय तो येसर पुडीत बांधून कामावर न्यायला लागली. दुपारच्या सुट्टीत तीन दगडांवर पाणी उकळून आम्ही आमटी करायचो. वास सगळ्या रस्त्यावर जायचा. दुष्काळानं सगळ्या जातीच्या बायकांना एकाच खडीच्या ढिगावर आणून बसवलं होतं. हातोडा सारखाच होता, जेवायला मात्र जो तो आपापल्या झाडाखाली जायचा. आमची आमटी त्यांना चालणार नव्हती, कारण ती ओली. आमच्याकडं तेव्हा हा नियम सगळ्यांना पाठ होता. कोरडं घ्यायला हरकत नाही, पाणी लागलेलं घ्यायचं नाही. धान्य चालतं, पीठ चालतं, त्या पिठाची आमच्या हातची भाकरी चालत नाही.

म्हणून त्या बायका भाकरी पुढं करून उभ्या राहायच्या. "चिमूटभर कोरडं टाक गं वरून."

माय वरून टाकायची. हाताला हात लागू द्यायची नाही, त्यांना लागलेला आवडणार नाही म्हणून. एकदा गावातल्या चांगल्या घरातली एक सून आली. आयुष्यात पहिल्यांदाच उन्हात काम करत होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. तिनं भाकरी पुढं केली आणि मागं घेतली.

"ह्याला पाणी तर न्हाई ना लागलं?"

"न्हाई व माय," माझी माय म्हणाली. "कोरडं ठणठणीत हाय."

त्या बाईनं चिमूट घेतली, झाडाआड गेली आणि सगळी भाकरी खाऊन आली. आदल्या दिवशी तिनं अर्धी भाकरी कुत्र्याला टाकलेली आम्ही पाहिली होती. संध्याकाळी घरी जाताना मायला हसू आवरेना.

"रातभर मह्या रांजणात भिजलंय ते."

मी रागावले. राग माझा लहानपणापासूनचा. "मग सांगितलं कामून न्हाईस? तोंड बघायचं होतं तिचं."

माय हसायची थांबली. "सांगितलं असतं तर ती आज कशासंग जेवली असती?"

पुढं पाऊस आला, ज्वारी आली, डाळ आली. पण आमच्या घरात येसराला चिंचोकेच राहिले. बापाला दुसरा येसर चालेना.

माझं लग्न चाकूरजवळच्या गावात झालं. नवरा लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा, म्हणून आम्ही लातूरला खोली केली. मी सासरीही मायचा येसर करायचे. शेजारच्या हमालांच्या बायका वाटी घेऊन यायच्या, तेव्हा मला कळलं की हा विकला जाईल. मग लातूर जिल्हा झाला. ज्या गावाला कामासाठी उस्मानाबादला जावं लागायचं तिथंच कचेऱ्या आल्या. जागा मिळेल तिथं त्यांच्या पाट्या लागल्या, भाड्याची घरं महागली आणि बाहेरगावचे लोक कुटुंबासह राहायला आले. त्यांच्या वसाहतीत सकाळी पुरुष कचेरीला गेले की बायका दारात यायच्या आणि मी डोक्यावर डबे घेऊन गल्लीत शिरायचे. मी ओरडून विकलं नाही कधी. डब्याचं झाकण उघडून उभी राहायचे, बाकी वास करायचा.

घासाघीस करायला मला आवडायचं. एखादी म्हणायची, "मागच्या गल्लीत स्वस्त मिळतो." मी म्हणायचे, "मग तिकडंच घ्या बाई, तुमच्या मालकाचं तोंड बघायला मी काही संध्याकाळी येत न्हाई." हसून घ्यायच्या. एखादीनं भाव फार पाडला की मी डबा बंद करून चालू लागायचे. वळून बघायचं नाही हे माझं तंत्र. कोपऱ्यावर पोचायच्या आत हाक यायची.

या शिक्षिका बाई त्या गल्लीच्या टोकाला राहायच्या. बोलायला गोड, हसतमुख. नवऱ्याचं पोट नाजूक होतं, जेवताना कुरकुर करायचे, रोज ताटात काहीतरी टाकायचे. बाईंनी पहिल्या दिवशी डब्यात बोट बुडवायच्या आधी विचारलं, "पाणी लागलंय का याला?"

मी खालच्या मानेनं हसले. तोच प्रश्न, मायच्या वेळचा. मी मायचंच उत्तर दिलं, "न्हाई बाई, कोरडं ठणठणीत." खोटं बोलले, आणि त्याबद्दल मला कधी काही वाटलं नाही. असा प्रश्न विचारणाऱ्याला खरं उत्तर मिळायचा हक्क नाही, असं माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे.

पुढच्या आठवड्यात त्या दारात वाटच बघत होत्या. "अगं, हे ताट पुसून जेवले. काय घालतेस यात?"

"हात घालते."

"सांग ना खरं."

"सांगितलं तर माझ्याकडून कोण घेईल?"

असं वर्षभर चाललं. एकदा त्या म्हणाल्या, त्यांची आमटी पातळ होते. मी दुसऱ्या दिवशी घरून करूनच नेली, पितळी डब्यात, गरम. म्हटलं, एकदा चाखून बघा म्हणजे कळेल किती दाट व्हायला पाहिजे. बाई दोन पावलं मागं सरल्या.

"अगं, ओलं कशाला आणलंस?" मग त्यांना वाटलं असावं की मला वाईट वाटेल. त्या पुढं आल्या, वाकल्या आणि डोळे मिटून वास घेतला. "वा! काय सुंदर! ठेव तिथं पायरीवर, भांडीवाली येईल तिला देते."

नाकाला विटाळ नव्हता, जिभेला होता. मी डबा उचलून घरी घेऊन आले आणि आम्ही जेवलो. पण गिऱ्हाईक तोडलं नाही. गिऱ्हाईक रागानं तोडायचं नसतं, हे मी तोवर शिकले होते.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनीच मला परसात बसायला सांगितलं, चहा दिला, माझ्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कपात. महिला मंडळाचा कार्यक्रम होता. जिल्हा नवा, मंडळ नवं, साहेबांच्या बायका येणार, प्रत्येकीनं आपल्या घरचा पदार्थ करून आणायचा आणि त्याच्याबद्दल उठून बोलायचं. बाईंना येसराची आमटी करायची होती.

"तू मला शिकव. काय घेशील?"

मी आयुष्यात एकदाच किमतीच्या जागी शब्द घेतला, तो इथं. मी म्हटलं, "पैसे नको. आमटी तुम्ही करा, शाबासकी तुम्ही घ्या. फक्त सगळ्यांसमोर उठून सांगायचं की हा येसर हिच्या आईचा हाय."

"एवढंच?"

"एवढंच."

"कबूल."

भाव न पाडता, तोंड वाकडं न करता कुणी कबूल म्हणालं की मी बाजारात लगेच सावध होते. त्या दिवशी झाले नाही. त्यांच्या परसात चूल मांडली आणि एकेक जिन्नस भाजून दाखवला. तीळ कधी काढायचे, दगडफूल शेवटी का टाकायचं, मिरची करपली तर सगळं का फेकायचं, सगळं. चिंचोक्याचा गर मी घरून तयार करून नेला होता. तो बघून त्या थक्क झाल्या. "चिंचोके! कुणाला सुचेल हे!"

"मायला सुचलं. दुष्काळात."

हे मी सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं होतं. मान डोलावली होती.

मी मायला आणायला माहेरी गेले. बाप तोवर गेला होता, ती एकटी राहायची. ती म्हणाली, "मी काय करू तिथं? साहेबांच्या बायका त्या."

"तुहं नाव घेणार हायत. ऐकायला चल."

"नाव घेऊन काय आमटी दाट होती का?"

पण आली. नांदेडला गाडी बदलून लातूरला येईपर्यंत तिनं तीनदा विचारलं, "खरंच सगळ्यांच्या देखत सांगणार का गं ती?" न यायचं म्हणत होती, पण लुगडं ठेवणीतलं नेसली होती.

शाळेचा हॉल भरलेला. पुढं खुर्च्या, मागं सतरंज्या. आम्ही मागं. एकेक बाई उठून आपला पदार्थ सांगत होती. आमच्या बाई उठल्या तेव्हा मी मायचा हात दाबला.

बाई छान बोलल्या. शिकवायची सवय होती. "ही आमच्या घराण्याची आमटी. आमच्या आजेसासूबाई हा येसर सोवळ्यात करायच्या. यात एक गंमत आहे, ओळखा पाहू! चिंचोके! त्या काळी कशा कशाचा उपयोग करायच्या या बायका!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग द्रोण फिरले. मागच्या सतरंजीवरही आले.

मायनं द्रोण तोंडाला लावला. एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला. मी तिच्याकडं बघायला घाबरत होते.

"मिठाला कमी हाय," ती म्हणाली. "बाकी आपलाच."

आणि ती उरलेलं शांतपणे पिऊ लागली. मला तेच सहन झालं नाही. मी उठून उभी राहिले.

"बाई, कुणाचा येसर हाय हा?"

सगळ्या मागं वळल्या. बाईंचा चेहरा क्षणभर उतरला, मग हसरा झाला. "ही आमच्याकडं मसाले घेऊन येते," त्या पुढच्या खुर्चीकडं बघून म्हणाल्या.

"तुम्ही कबूल म्हणाला होतात. ही मही माय. ही बसलीय इथं. सांगा, हा येसर कुणाचा?"

"अगं, हे बघ," त्या हळू आवाजात, समजावल्यासारखं म्हणाल्या, "कोरडा मसाला तू दिलास, मी नाही कुठं म्हणते? पण आमटी माझी आहे ना? कोरडं कुणीही देतं."

कोरडं कुणीही देतं. चहाचा वेगळा कप मी सोसला होता, पायरीवरचा डबा सोसला होता. हे वाक्य नाही सोसलं. समोर बसलेल्या निम्म्या बायका माझी गिऱ्हाइकं होत्या, हे मला दिसत होतं. बोलले तर उद्या कुठलं दार उघडणार नाही, हेही कळत होतं. माय माझा पदर ओढत होती. "बस. उगं बस."

मी बोलले. "कोरडं? चिंचोका पाण्याशिवाय टरफल सोडत न्हाई, बाई. करून बघा. रातभर भिजवावा लागतो. मह्या घरच्या रांजणात, मह्या हातानं भरलेल्या पाण्यात. वर्षभर तेच खाल्लं तुम्ही, तुमच्या मालकांनी ताट पुसून खाल्लं. आता ह्या सगळ्यांनी खाल्लं. सोवळ्यात!"

आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं. पुढच्या रांगेतल्या एकीनं द्रोण खुर्चीखाली ठेवला. तिचं बघून दुसरीनं ठेवला. एक बाई तोंडाला पदर लावून नळाकडं गेली आणि चूळ भरल्याचा आवाज आत आला. काही जणींनी द्रोण हातातच ठेवले, हेही सांगायला हवं. पण त्यांनी पुढचा घोट घेतला नाही. कुणीतरी शिपायाला बोलावलं. आम्हाला बाहेर काढायला त्याला काही करावं लागलं नाही, माय आधीच चालू लागली होती. हातातला द्रोण तिनं टाकला नव्हता, शेवटचा घोट पायरीवर घेतला.

नंतर कळलं की बक्षीस बाईंनाच मिळालं. त्यांनी म्हणे सांगितलं, माझ्या बोलण्यात तथ्य नाही, त्या चिंचोके घरी वेगळ्या रीतीनं करतात.

घरी जाताना माय झपाझप पुढं चालत होती. मीच बोलत होते, तिखट तिखट, रस्ताभर. खोलीवर आल्यावर ती म्हणाली, "ती खोटं बोलली, ते तिच्यापाशी. तू खरं बोलून खात्या माणसाच्या हातातलं खाली ठेवायला लावलंस."

"तुह्यासाठीच बोलले ना!"

"मह्यासाठी?" ती म्हणाली. "मला तर आमटी गोड लागली होती."

मायचं हे म्हणणं मला पटलं नाही. आजही पटत नाही. द्रोण त्यांनी खाली ठेवले, मी ठेवायला सांगितलं नव्हतं. चोरी ज्यांनी केली त्यांना सोडून, चोर चोर म्हणून ओरडणारीला दोष का द्यायचा? पण तिनं दिला. गावी परत गेल्यावर तिनं चिंचोके भिजवणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणायची, "एकटीला किती लागतंय? वाटायला आता कोण मागतंय?" पुढं ती आजारी पडली. मी तिच्या उशाशी बसून आमटी पाजली. तिनं दोन घोट घेतले आणि मान फिरवली. तोंडाला चव नाही, म्हणाली. ज्या बाईनं दुष्काळातल्या रस्त्यावर सगळ्यांच्या तोंडाला चव आणली ती असं म्हणत गेली.

वसाहतीत मला पुढं कुणी दार उघडलं नाही. मी मोंढ्यात हमालांच्या खानावळींना मसाला द्यायला लागले. तिथं पाण्याचं कुणी विचारत नव्हतं, तिखटाचं विचारत होते. नंतर कांडपाचं यंत्र घेतलं, मग दुसरं. आज माझ्याकडं जळकोटपासून माणसं मिरची घेऊन येतात. हे मी माझ्या तोंडानं मिळवलं, कुणाच्या मेहरबानीनं नाही. म्हणून कुणी म्हणू नये की ही बाई हरली म्हणून रडते.

रडायचं कारण वेगळं आहे. बाईंनी त्या सभेनंतर येसर सोडला नाही, चिंचोके सोडले. घरगुती म्हणून विकायला सुरुवात केली, मग पाकिटं आली. पाकिटावर नऊवारी नेसलेली, नथ घातलेली एक आजी आहे. ती कुणाची आजी मला माहीत नाही. आतमध्ये लाल रंग आहे, तिखट आहे आणि दाटपणाला मक्याचं पीठ आहे. आता हे पाकीट लातुरात आहे, नांदेडला आहे, हदगावच्या दुकानातही टांगलेलं मी पाहिलं.

मागच्या पावसाळ्यात मला ताप होता. सुनेनं स्वयंपाक केला. मुलगा जेवायला बसला, माझ्याच हातचं खाऊन वाढलेला मुलगा. भाकरी चुरली, आमटी ओतली, दोन घास खाल्ले आणि आतल्या खोलीकडं बघून म्हणाला, "माय, तू तापात कशाला उठलीस? पण लई दिवसांनी तुह्या हातची आमटी झाली बघ."

सून भाकरी थापत राहिली. मी उठून आले आणि त्याच्या वाटीत बोट बुडवलं. तिखट लागलं, मग मीठ, मग काहीच नाही. भाजल्याचा वास नाही, तुरट धागा नाही. ओट्यावर ते पाकीट कात्रीनं कापलेलं पडलं होतं, नथवाली आजी वर तोंड करून हसत होती.

मी भगुनं मोरीत ओतलं. मुलगा ओरडला, "अगं, झालं काय? चांगली तर होती!"

चांगली होती. हेच तर. सणाचं जेवण माणसाला आठवतं, पुरणात काय कमी होतं ते लोक दहा वर्षं सांगतात. रोजची आमटी कुणी लक्षात ठेवत नाही. ती जिभेवर असते तोवर असते, आणि बदलली तर बदललेलीच आपली वाटायला लागते. माझ्या मुलाची काही चूक नाही. दुकानाच्या व्यापात मीच कित्येक महिने चिंचोके भिजवले नव्हते, येसर यंत्रावर डाळ घालूनच दळत होते. पण ज्या येसरावर मायचं नाव लागायचं होतं त्यावर नथवाली आजी बसली, म्हणून तर माझ्या पोराला फरक विचारायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी, अंगात ताप असताना, मी चिंचोके भाजले आणि भिजत घातले.

बाई, तुम्ही हयात आहात. लातुरातच आहात, घरावर घर बांधलंय, नातवंडं आहेत, मला सगळं कळतं. तुमच्या बक्षिसात मला वाटा नको, पाकिटांत नको. माझा एक शब्द तुमच्याकडं राहिला आहे. माझं घर मोंढ्याच्या मागं आहे, कुणालाही विचारा. या. चिंचोके रात्रभर पाण्यात होते, आमच्या पाण्यात, हे आता तुम्हाला माहीत आहे, तेव्हा त्यात फसवणूक नाही. मी ज्वारीची भाकरी करीन. ताटात आमटी वाढीन, ओली, गरम. वास घेऊन पायरीवर ठेवायची नाही. बसायचं, भाकरी चुरायची, खायचं, माझ्या डोळ्यांसमोर. मीठ या वेळी कमी असणार नाही.

आणि ताट संपलं की त्या हॉलमध्ये मी उभी राहून जे विचारलं होतं आणि ज्याचं उत्तर तुम्ही दिलं नाही, ते द्या. माझ्या मुलाला समोर बसवून द्या. हा येसर कुणाचा?